पामची सुई हातात आली तर

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचताना संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या बाजूला नवा बंगला. फाटकापासून दारापर्यंत तीन फॉक्सटेल पाम, गेल्या आषाढात लावलेले. जमीन काळी, त्यावर बांधकामाचा भराव. एका झाडाची मधली, न उलगडलेली पात सहज ओढली तर हातात आली. बाकी दोघांची नवी पानं पिवळी निघतायत. माळीमामांनी दिवाळीच्या आधी खालच्या झावळ्या कोयत्यानं उतरवल्या. आता शेजारी म्हणतात टॉनिक घाला, नर्सरीवाला म्हणतो हे काढा आणि बॉटल पाम लावा. करायचं काय?

आजच माळीमामांना फोन करा आणि कोयता ठेवून द्यायला सांगा. टॉनिक आणू नका. बॉटल पामची ऑर्डरही देऊ नका. तुमच्या वर्णनावरून तीनपैकी दोन झाडं वाचण्यासारखी आहेत, तिसऱ्याची आशा सोडण्याइतकं अजून काही झालेलं नाही.

कोल्हापुरात बागा करायला लागून मला २८ वर्षं झाली. या काळात मरताना पाहिलेल्या पामांपैकी बहुतेक माणसांच्या मायेनं मेलेत, रोगानं फार थोडे. आपण पामला आंब्या-पेरूसारखं झाड समजतो. आंब्याचा शेंडा मोडला तर खाली चार डोळे फुटतात आणि झाड उलट दाट होतं. पामला असे डोळे नसतात. फॉक्सटेल, बॉटल पाम, नारळ यांच्या एका खोडाला वाढीचा एकच कोंब असतो, आणि तो शेंड्यात, पानांच्या देठांच्या आत खोल दडलेला असतो. वादळात नारळ पडला की पोरं शेंडा फोडून आतला पांढरा गाभा खातात. गोडसर, करकरीत लागतो तो. झाडाचा सगळा जीव त्या वीतभर पांढऱ्या भागात. तो कुजला की खाली वीस फूट हिरवंगार खोड उभं असलं तरी झाड संपलेलं असतं. (अरेका, राफिस अशा बेटानं वाढणाऱ्या पामांना प्रत्येक दांड्याचा वेगळा कोंब असतो. त्यात एक दांडा गेला तरी बेट राहतं.)

खोडाचंही तसंच. आंब्याच्या सालीखाली एक जिवंत थर असतो, तो जखम भरतो आणि खोड दरवर्षी जाड करतो. पामच्या खोडात तो थर नाही. खिळा मारला, कोयत्याचा घाव बसला, तारेनं काचलं, तर ती जखम झाड मरेपर्यंत तशीच राहते. दिवाळीच्या माळा लावायला बॉटल पामला खिळे ठोकलेले मी पाहतो तेव्हा जीव तुटतो, कारण त्याच भोकाच्या वासावर पुढं खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. आणि खोड मागं जाऊन जाडही होत नाही. ज्या वर्षी झाडाचे हाल झाले त्या वर्षीचा भाग बारीक निघतो आणि कायम बारीकच राहतो. जुन्या बंगल्यांतले उंच बॉटल पाम नीट बघा, मध्येच कंबर आवळल्यासारखी दिसेल. ते पाण्याचे किंवा खताचे वाईट दिवस असतात.

आता तुमच्या पहिल्या झाडाकडं येतो.

जी पात हातात आली तिला आम्ही सुई म्हणतो. तिचं बूड बघा. पांढरं, कोरडं आणि बिनवासाचं असेल तर ती कुणीतरी जोर लावून ओढली असावी. तपकिरी, बुळबुळीत आणि आंबट-सडका वास येत असेल तर ती कोंबकूज आहे. तुम्ही सहज ओढली आणि आली म्हणता, त्यावरून मला कोंबकूजच वाटतेय. तिच्या शेजारची, नुकती उलगडलेली पानंही एकेक करून हलकेच ओढून बघा. ती घट्ट असतील तर कूज वरवर आहे. तीही निघाली आणि शेंड्याखालचा भाग बोटानं दाबल्यावर मऊ लागला, तर झाड गेलं. मग ते मुळासकट काढून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

घट्ट असतील तर असं करा. शेंड्यात साचलेलं पाणी आणि सडलेला लगदा सुती कापडानं टिपून घ्या. आत चाकू घालून खरवडायचं नाही, कोंब दोन इंचांवर असतो. मेडिकलमध्ये जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ३ टक्क्यांचं. ते सुईच्या पोकळीत सावकाश ओता. फेस येईल. फेस येतोय तोवर आत कुजकं आहे असं समजा. दोन दिवसांनी पुन्हा ओता. फेस येणं थांबलं की त्यानंतर दोन दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला ३ ग्रॅम, असं करून साधारण पाव लिटर शेंड्यात ओता. पंधरा दिवसांनी आणखी एकदा, मग बास. तांब्याचं औषध वारंवार ओतलं तर कोवळा कोंब भाजतो, आणि पुष्कळ जण या टप्प्यावर रोगातून वाचलेलं झाड औषधानं मारतात. पेरॉक्साइड आणि तांब्याचं औषध एकाच दिवशी नको. नळीनं पाणी घालताना शेंडा भिजवायचा नाही.

यानंतर वाट पाहायची. दोन महिने, कधी कधी सहा. वाचलेल्या झाडाचं पहिलं पान आखूड, चुरगळलेलं, अर्धवट येतं. ते बघून घाबरू नका आणि कापू नका. तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत आकार जागेवर येतो.

हे झालं दुखण्याचं. दुखणं आलं कुठून, ते जास्त महत्त्वाचं, कारण बाकीची दोन झाडंही त्याच जमिनीत उभी आहेत.

फॉक्सटेल हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा, क्वीन्सलँडमधल्या केप यॉर्कचा. १९८३ साली तो शास्त्राच्या नोंदीत आला आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत जगभरच्या बागांत पोचला. तिथं तो ग्रॅनाइटच्या मोठाल्या धोंड्यांच्या सांदीत, भरड वाळूसारख्या मातीत उगवतो. पाणी पडलं की निथळून जातं. आपण त्याला आणून लावतो पंचगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत. ही माती उसाला आईसारखी आहे, पण पावसाळ्यात ती फुगते, भेगा बंद होतात आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यात तुम्ही लावलं आषाढात, पुनर्वसू-पुष्याच्या धारेत. नव्या रोपाला अजून नवी मुळी फुटलेली नाही आणि महिनाभर ते चिखलात उभं. वरून बांधकामाचा भराव. त्यातल्या सिमेंट-चुन्यानं माती आणखी विम्ल (अल्कधर्मी) होते.

तरी माझा पहिला संशय लावणीच्या खोलीवर आहे. उद्या सकाळी एक काम करा. खुरपं बाजूला ठेवा आणि हातानं खोडाभोवतीची माती उकरत जा. खोड खाली जिथं रुंदावतं आणि पेन्सिलीएवढ्या जाड मुळ्या फुटायला लागतात, ती जागा जमिनीच्या बरोबरीत असायला हवी. ती चार बोटं किंवा वीतभर खाली सापडली, तर झाड पुरलं गेलंय.

हे मी ठामपणे सांगतो, कारण हीच चूक माझ्या हातून झालेली आहे. धंद्यात नवा असताना राजारामपुरीत एका बंगल्याला सात बॉटल पाम लावले. रोपं कमी-जास्त उंचीची मिळाली. मालकांना सगळी एका ओळीत एका उंचीची हवी होती. मी उंच रोपं खोल पुरून सगळ्यांचे शेंडे एका दोरीत आणले. दोन वर्षं ओळ देखणी दिसली. तिसऱ्या वर्षी नेमकी खोल पुरलेली तीन झाडं पिवळी पडायला लागली, पानं आखूड यायला लागली, आणि पाचव्या वर्षापर्यंत एकेक करून गेली. काढताना पाहिलं तर पुरलेल्या भागातल्या मुळ्या काळ्या, हाताला साल सुटणाऱ्या. शेजारची चार झाडं अजून उभी आहेत. मालकांचे पैसे मी परत केले, पण ती ओळ बोळक्यासारखी राहिली ती राहिलीच. तेव्हापासून लावणी झाली की मी बोटानं खोडाचं बूड चाचपल्याशिवाय घरी येत नाही.

तुमची झाडं पुरलेली निघाली तर आत्ता लगेच उपटू नका. थंडीत पामच्या मुळ्या वाढत नाहीत म्हटलं तरी चालेल. आत्ता फक्त बुडाभोवतीची जादा माती काढून खोड उघडं करा आणि उताराच्या बाजूला एक चर काढा, म्हणजे खड्ड्यात पाणी थांबणार नाही. पाणी हात आखडून द्या. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं की भोवतालच्या मातीच्या गड्ड्यासकट उचलून वर बसवा. लावून वर्षही झालेलं नसताना मुळ्या फार पसरलेल्या नसतात, म्हणून उचलणं जमेल. उचलताना खोड धरून ओढायचं नाही. खालून गोणपाट सरकवायचं आणि दोघांनी गड्डा उचलायचा. फॉक्सटेलचा शेंडा टेम्पोत हिसका बसूनही आतून मोडतो, वरून काही दिसत नाही आणि दोन महिन्यांनी सुई वाळते.

जागा कशी करायची? आपल्याकडं तीन फुटांचा खड्डा काढून त्यात तांबडी माती आणि शेणखत भरायची पद्धत आहे. मुरमाड रानात, पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूच्या तांबड्या मातीत, ती चालते. काळ्या मातीत तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेलं घमेलं. चहूबाजूंनी चिकण माती आणि मध्ये भुसभुशीत, त्यामुळं सगळ्या अंगणाचं पाणी तिथं येऊन बसतं. तपासायचं असेल तर दीड फुटाचा खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, आणि संध्याकाळी पुन्हा भरा. दुसऱ्या भरणीचं पाणी सकाळी तसंच दिसलं तर तिथं खड्ड्यात पाम लावायचाच नाही. जमिनीवर पाच-सहा फूट रुंद आणि फूट-दीड फूट उंच उंचवटा करा. निम्मी तिथलीच माती, पाव हिस्सा बारीक मुरूम किंवा भरड वाळू, पाव हिस्सा पूर्ण कुजलेलं खत. झाड उंचवट्यावर बसवा, पिशवीतल्या मातीची पातळी आणि बाहेरची पातळी एक ठेवा. पिशवीत मुळ्या गोल फिरलेल्या दिसतील, त्या सोडवत बसू नका. आंब्याच्या मुळ्यांसारख्या त्या पुढं जाड होऊन खोड आवळत नाहीत.

वरून उसाचं पाचट घाला. आपल्या भागात पाचटाला तोटा नाही, आणि अंगणातल्या झाडासाठी त्याहून चांगलं आच्छादन मला माहीत नाही. फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा.

लावणीच्या वेळेबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. सगळे मृग लागला की लावतात. हलक्या, निचऱ्याच्या रानात ते योग्यच आहे. काळ्या मातीत मी एकतर रोहिणीत लावतो, म्हणजे मुसळधार सुरू व्हायच्या आत मुळी धरते, नाहीतर सरळ उत्तरा-हस्तापर्यंत थांबतो. मधल्या तीन महिन्यांत पाम घेणाऱ्याला मी रोप नर्सरीत ठेवून घ्यायला सांगतो.

आता बाकीच्या दोन झाडांची पिवळी पानं. पाम तुमच्याशी पानांतून बोलतो. कुठलं पान पिवळं पडलंय हे बघितल्याशिवाय खताच्या दुकानात जाऊ नका.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. तुमच्याकडं उसाचं रान असेल तर हे ओळखीचं वाटेल, उसावर केवडा येतो तोच हा प्रकार. जमिनीत लोह नसतं असं नाही. माती विम्ल आणि चिबडलेली असली की मुळीला ते उचलता येत नाही. म्हणून पहिला उपाय निचरा आणि उघडं बूड. त्याच्या जोडीला हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. आधी एका पानावर करून बघा, दोन दिवसांत डाग पडले नाहीत तर मग सगळीकडं. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

नवी पानं आखूड, टोकाला करपलेली आणि विस्कटलेल्या केसांसारखी यायला लागली तर मँगनीज. हे बॉटल पामला जास्त होतं. दुर्लक्ष केलं तर यानं झाड मरतं, म्हणून मँगनीज सल्फेट वेळेवर द्यावं लागतं.

जुनी, सगळ्यात खालची पानं बिघडली असतील तर गोष्ट वेगळी. पानावर पिवळे-नारिंगी ठिपके, उजेडात धरलं तर आरपार दिसणारे, आणि पातीची टोकं वाळलेली, तर पालाश (पोटॅश) कमी आहे. मधला पट्टा हिरवा राहून कडेला रुंद पिवळी पट्टी आली तर मॅग्नेशियम. ती शिंदी-खजुरांवर फार स्पष्ट दिसते.

आणि इथंच झावळ्या छाटण्याचा प्रश्न येतो. पालाश कमी पडलं की झाड जुन्या पानांतला पालाश काढून नव्या पानांना देतं. ते खालचं पिवळट पान म्हणजे झाडाची शिलकीतली पुंजी असते. माळीमामांनी ते वाईट दिसतं म्हणून कापलं की झाड वरच्या पानाची पुंजी काढायला लागतं. मग तेही पिवळं, तेही कापलं. असं करत शेवटी शेंड्याला चार पानं उरतात आणि खोड बारीक होत जातं. बऱ्याच ठिकाणी गणपतीच्या आधी पामची अशी छाटणी होते, दोन पानं उभी ठेवून बाकी सगळं साफ. झाड मोकळं दिसतं खरं, पण ते उपाशी असतं. नियम एकच ठेवा: पूर्ण वाळून तपकिरी झालेलं पानच काढायचं. ज्यात हिरवा अंश आहे ते ठेवायचं. फॉक्सटेल आणि बॉटल पाम तर वाळलेलं पान आपसूक टाकतात, खोडाला गुंडाळलेल्या देठाच्या रुंद बुडासकट. त्यांना कोयता लागतच नाही. ओढून काढू नका, आतली हिरवी साल उघडी पडते.

खताचं मी साधं ठेवतो. तुमच्या सहा-सात फुटी झाडाला वर्षातून तीनदा: मृगाच्या तोंडावर, पाऊस ओसरल्यावर आणि फेब्रुवारीत. दर वेळी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पाच-सहा किलो, निंबोळी पेंड पाव किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ५० ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ५० ग्रॅम. खोडाला लागून न टाकता पानांच्या सावलीच्या कडेपर्यंत पसरून द्या, हलक्या हातानं मातीत मिसळा आणि पाणी द्या. जागेवरची तुमची झाडं अजून सावरायची आहेत, त्यामुळं फेब्रुवारीपर्यंत मातीत काहीही घालू नका. मुळी सडलेल्या झाडाला खत म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी. युरिया आणि डीएपी हात लावू नका. नुसत्या युरियानं झाड हिरवं होऊन वाढतं आणि पालाशची तूट आणखी उघडी पडते. डीएपीतला स्फुरद (फॉस्फरस) काळ्या मातीत लोह-जस्त अडकवून ठेवतो. साखर कारखान्याची मळी स्वस्त मिळते म्हणून ट्रॉलीभर आणून टाकणारे आहेत. ती चांगली आहे, पण तीन-चार महिने कुजवून. ताजी मळी तापते.

शेणखताचंही तेच, आणि त्यात दुसरा धोका आहे. अर्धवट कुजलेल्या शेणखतात हुमणीसारख्या जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडतात. त्यांतल्या बऱ्याच गेंड्या भुंग्याच्या असतात. आपण हातानं ते खत पामच्या बुडाशी आणून टाकतो आणि भुंग्याला घराच्या दारातच जेवण वाढतो. हा भुंगा न उलगडलेल्या सुईला भोक पाडून आत शिरतो. पान उलगडलं की कात्रीनं कापल्यासारखे तिरके काप दिसतात. तसं पान दिसलं, शेंड्याच्या बेचक्यात चघळलेल्या काथ्यासारखा भुसा दिसला, तर सायकलच्या तारेचा हूक करून भुंगा ओढून काढा. मग वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत बारीक वाळू आणि निंबोळी पेंडीची भुकटी समप्रमाणात मिसळून भरा. डांबरगोळ्या वाळूनं झाकून ठेवायची पद्धत कोकणातल्या नारळ बागांत आहे, तीही चालते, दीड महिन्यानं बदलायची. खत घालण्याआधी ताडपत्रीवर पसरा आणि अळ्या वेचा, कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढं टाका.

सोंड्या भुंगा जास्त वाईट. तो जखमेतून खोडात अंडी घालतो, अळ्या आतून खातात, आणि बाहेर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. खोडातून तपकिरी चिकट रस गळतोय का बघा. संध्याकाळी शांत असताना खोडाला कान लावा. अळी खात असेल तर कुरकुर चक्क ऐकू येते. तसं ऐकलं तर स्वतः औषध टोचत बसू नका, नारळाच्या बागेत काम केलेल्या माणसाला बोलवा. घरात हे होऊ नये म्हणून एकच करायचं, खोडाला जखम होऊ द्यायची नाही. झाली तर त्याच दिवशी बोर्डो मलम लावायचं.

बोर्डोचा विषय निघालाच तर: पुढच्या वर्षी मृगाच्या आधी निरोगी झाडांच्या शेंड्यात १ टक्का बोर्डो मिश्रण फवारून घ्या. १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, मग एकत्र. विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पांढऱ्या माशीचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण येईल, म्हणून सांगून ठेवतो. पानांच्या खाली पांढऱ्या मेणाची गोलगोल नक्षी आणि खालच्या पानांवर काळी काजळी दिसली, तर ती चक्राकार पांढरी माशी. २०१६ मध्ये ती भारतात पहिल्यांदा तमिळनाडूत दिसली, आता नारळ आणि पाम असतील तिथं सापडते. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, पिवळे चिकट कागद लावा. कडक कीटकनाशक मारलं तर तिला खाणारा बारीक मित्रकीटक आधी मरतो आणि माशी दुप्पट होते.

आता राहिला बॉटल पाम. आपण ज्याला बॉटल पाम म्हणतो तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो, क्यूबाचा राष्ट्रवृक्ष. खरा बॉटल पाम बुटका, बुडाशी सुरईसारखा फुगीर, तो वेगळा. रॉयल पाम मला फार आवडतो. काळ्या मातीत आणि पाणथळीत तो फॉक्सटेलपेक्षा नक्की तग धरतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नागाळा पार्क, शाहूपुरीच्या बाजूला माझ्या काही बागा पाण्याखाली होत्या. बुटक्या अरेकांची बेटं गाळात सडली, पण मोठे रॉयल पाम आणि शिंदी बहुतेक टिकले. पूर ओसरल्यावर आम्ही पहिल्या आठवड्यात फक्त बुडाभोवतीचा गाळ काढला, दुसरं काही केलं नाही.

पण तो सत्तर-ऐंशी फुटांपर्यंत जाणारा वृक्ष आहे. त्याची वाळलेली झावळी देठासकट दहा-पंधरा किलोची असते आणि वारा नसतानाही पडते. तुमच्या फाटकापाशी गाडी उभी राहते, मुलं खेळतात, वरून विजेची तार गेलीय. तिथं मी तो लावणार नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. मागं मोकळी जागा असेल, भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर मिळत असेल, तर एक लावा आणि त्याला पूर्ण वाढू द्या. घराच्या पायाला धोका होईल याची चिंता नको, पामच्या मुळ्या दोरीसारख्या एकाच जाडीच्या राहतात, भिंत फोडत नाहीत.

मागच्या कोपऱ्यासाठी भेरली माडही मनात ठेवा. सह्याद्रीतला आपलाच पाम, राधानगरी-गगनबावड्याच्या रानात दिसतो, माशाच्या शेपटीसारखी पानं. पण घेताना दोन गोष्टी माहीत असू द्या. त्याच्या फळाचा रस अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, लहान मुलं असतील तर विचार करा. आणि तो आयुष्यात एकदाच बहरतो. फुलोरे शेंड्याकडून सुरू होऊन काही वर्षं खालीखाली येत जातात, आणि शेवटचा संपला की झाड वाळतं. पुष्कळ जण त्या वेळी रोग समजून औषधावर पैसे घालतात. ते त्याचं पूर्ण झालेलं आयुष्य असतं.

दाराच्या सावलीत राफिस. कुंडीतल्या पामांत त्याच्याइतकं सोशिक कुणी नाही. अरेका कुंडीत लावलात तर बोअरच्या पाण्यानं टोकं करपतील, पावसाचं पाणी साठवून द्या. आणि सायकस, ज्याला सॅगो पाम म्हणून विकतात, तो पामच नाही. सुंदर आहे, पण घरात कुत्रा असेल तर आणू नका, त्याच्या बिया आणि पानं विषारी असतात.

आता घरी बसून करायचं एक काम सांगतो. दोन पिवळ्या झाडांची सुई आणि तिला चिकटून असलेल्या उघड्या पानाचा देठ, दोन्हींवर एकाच पातळीत मार्करनं बारीक आडवी रेघ मारा. ओढायचं नाही, हलवायचं नाही. पंधरा दिवसांनी बघा. सुईवरची रेघ देठावरच्या रेघेपेक्षा वर सरकलेली दिसली तर कोंब जिवंत आहे. थंडीत ती अर्धा बोट सरकली तरी पुरे, मार्चमध्ये तेवढी दोन-तीन दिवसांत सरकते. एका महिन्यात रेघ जागची हलली नाही, तर त्या झाडाचं बूड आणि सुई यांचे जवळून काढलेले फोटो मला पाठवा. पहिल्या झाडालाही नवी सुई बाहेर डोकावली की लगेच तशीच रेघ मारून ठेवा.